फाउंडेशनसाठी चित्रकलेचं सामान – काय घ्यावं, काय नको? (बजेट ३००० रु.)

जाईजुई
नमस्कार. लेकीला पुण्यात फाउंडेशनला (कलाशिक्षणाच्या पायाभूत वर्षाला) प्रवेश मिळालाय, सोमवारपासून वर्ग. कॉलेजने यादी दिलीय: हाफ इम्पिरियल ड्रॉइंग बोर्ड, पेन्सिली एचबी ते ६बी, पोस्टर कलर, वॉटर कलर, राउंड आणि फ्लॅट ब्रश, टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, कटर, कार्ट्रिज पेपर. कंपनी, नंबर काहीच लिहिलेलं नाही. दुकानदाराने एका दमात साडेसहा हजार सांगितले. आमचं बजेट तीन, फार ताणलं तर साडेतीन. घरात चित्रकलेशी संबंध रांगोळीपुरता. लाकडी पेटीतला तयार सेट दिसला, तो घ्यावा का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

टेकडीवरचा
लेकीचं अभिनंदन! पेटी अजिबात घेऊ नका. रंग ढीगभर, कामाचे पाच-सहा. आम्ही मुलाला हौसेने आणली होती. त्यातले पेस्टल अजून कोरे आहेत आणि मुलगा सीए करतोय.

फिरस्ता_न्यूजर्सी
कागदावर तडजोड करू नका. मी आर्श कंपनीचा ३०० जीएसएम (म्हणजे चांगला जाड), पूर्ण कॉटनचा कागद वापरतो. एकदा हात बसला की दुसरा कागद नकोसा होतो. ब्रश कोलिन्स्की सेबल, म्हणजे प्राण्याच्या केसांचा. महाग असतो, पण नीट ठेवला तर वर्षानुवर्षं जातो. माझी मागच्या उन्हाळ्यातली लँडस्केप्स प्रोफाइलमध्ये आहेत, जरूर बघा.

कांदेपोहे
काका, बजेट तीन हजार रुपये आहे, डॉलर नव्हे. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

खोडरबर
पेन्सिली अप्सराच्याच घ्या. नटराजच्या भानगडीत पडू नका.

निळी_शाई
अवांतर: दोन्ही एकाच कंपनीच्या, हिंदुस्तान पेन्सिल्सच्या.

खोडरबर
कंपनी एक असली म्हणून पेन्सिल एक होत नाही. शाळेपासून वापरतोय, मला फरक कळतो.

निळी_शाई
कळत असेल. मी फक्त माहिती दिली.

ढोलताशा
बोर्ड ऑनलाइन मागवू नका!! आमचा वाकलेला आला. परत न्यायला आलेला माणूस म्हणे मूळ पॅकिंग दाखवा. ते कचऱ्यात गेलं होतं. आता त्या बोर्डावर आई साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालते. दुकानात काउंटरवर आडवा ठेवून चारी कोपरे दाबून बघा, डुगडुगला की परत द्या.

कुंचला_बारा
शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागद: फुल इम्पिरियल शीट ३०×२२ इंच, मधोमध कापली की हाफ, म्हणजे २२×१५. मोठ्या शीट्स घेऊन घरी कापा, पॅडपेक्षा स्वस्त पडतं. बोर्ड कागदाहून थोडा मोठा हवा, नाहीतर क्लिपा चित्रावर येतात. पावसाळ्यात कागद गुंडाळून कोपऱ्यात उभा करू नका. प्लास्टिकमध्ये सपाट ठेवा, ओल धरली की रंग डागाळतो.

पेन्सिली: एचबी, ४बी, ६बी एकेक, २बी दोन. शार्पनर नको. कटरने लाकूड तासून शिसं लांब काढायचं, म्हणजे आडवी धरून शेडिंग करता येतं. पेन्सिल फरशीवर पडू देऊ नका, शिसं आतल्या आत तुटतं आणि मग तासताना तुकडे गळत राहतात.

पोस्टर कलर: इथेच लोक चुकतात. बारा बाटल्यांच्या सेटमधला पांढरा सगळ्यांत आधी संपतो, कारण डिझाइनमध्ये टिंट (फिकट छटा) काढायला प्रत्येक रंगात तोच लागतो. पांढऱ्याची मोठी बाटली वेगळी घ्या. लाल दोन हवेत, व्हर्मिलियन आणि क्रिमझन. रंगचक्र करताना मुलं व्हर्मिलियनमध्ये निळा घालतात, जांभळा मळकट येतो आणि रंगाच्या कंपनीला शिव्या बसतात. जांभळ्याला क्रिमझन, नारिंगीला व्हर्मिलियन. रंग घोटलेल्या दह्याइतका दाट हवा. पातळ झाला की पट्टे उठतात. आणि एका आकाराला पुरेल एवढा एकदमच कालवा. वाळल्यावर छटा बदलते, दुसऱ्यांदा कालवलेला जुळत नाही.

ब्रश: राउंड २, ६, १० आणि अर्धा इंच फ्लॅट, सिंथेटिक चालतील. पाण्याच्या भांड्यात उभे सोडू नका, केस वाकले की सरळ होत नाहीत. पॅलेटला जुनी पांढरी ताटली उत्तम. वाचलेल्या पैशात स्टीलची पट्टी घ्या, प्लास्टिकच्या पट्टीची कड कटर खातो.

टेकडीवरचा
मी वर म्हटलंच होतं, पेटी नको.

गुलबक्षी
पूर्ण धागा वाचला नाही, आधी कुणी सांगितलं असेल तर माफ करा, पण ते पेटीतले सेट घेऊ नका. फसवाफसवी असते.

सिलिकॉन_मामा
एवढं लाकूड-कागद कशाला? टॅबलेट आणि पेन घेऊन द्या. पुढे सगळं डिजिटलच आहे. आमच्या कंपनीतल्या डिझायनरना ब्रश हातात धरलेला मी पाहिला नाही.

शेवटच्या_बाकावर
मामा, फाउंडेशनला शीट्स हाताने करून सबमिट कराव्या लागतात. स्क्रीनवर दाखवून चालत नाही.

ताई, मी आता अप्लाइड आर्टला (उपयोजित कलेला) आहे. यादी एकदम आणू नका. आमच्याकडे सुरुवातीला पेन्सिल, रेषा, वस्तुचित्र एवढंच होतं, रंग नंतर आले. काही सर पहिल्या तासाला स्वतःची यादी देतात, तोवर थांबा. बोर्ड आणि टी-स्क्वेअर सीनियरकडे मिळतील, वर्ष संपलं की हॉस्टेलात कॉटखाली पडून असतात. यादीत नाही, पण थ्रीडीच्या (त्रिमितीय) कामाला माउंटबोर्ड आणि फेविकॉल लागेल. पुठ्ठा कापायला खाली जुनी काच घ्या, कडांना टेप लावून.

फिरस्ता_न्यूजर्सी
सिंथेटिक ब्रश पाणी धरत नाही. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

कुंचला_बारा
वॉटर कलरला तुमचं म्हणणं खरं आहे. पण पोस्टर कलरला सेबल वापरून मुलीने तो वर्षभरात झिजवावा, असं मला वाटत नाही.

जाईजुई
सर्वांचे मनापासून आभार. काल अप्पा बळवंत चौकात जाऊन आलो. बोर्ड आणि टी-स्क्वेअर सीनियर मुलीकडून मिळाले, दोन्ही मिळून ४०० रु. पांढऱ्याची मोठी बाटली, क्रिमझन, स्टीलची पट्टी, कार्ट्रिजच्या शीट्स घेतल्या. ब्रश कुंचला_बारा सरांनी सांगितलेलेच. आणि पेटीही घेतली! लेक काउंटरपासून हलेना, शेवटी आजीने पैसे काढले. आजीचे असल्यामुळे बजेटात धरलेले नाहीत.

टेकडीवरचा
मग विचारलंत कशाला?

जाईजुई
तसं नाही हो दादा, पेटीला कडी छान आहे. कॉलेजात सामान न्यायला होईल.

कांदेपोहे
आजीला +१.

मोगरा_७२
धाग्यात घुसतेय, क्षमस्व. भाचा यंदा एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसतोय. त्याला साध्या सरावासाठी कुठला कागद घ्यावा?

फिरस्ता_न्यूजर्सी
आर्श.