गालाच्या पेशींची स्लाइड: रंग वाढवू नका, कमी करा

गालाच्या आतल्या पेशी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर सगळं निळंच दिसतं आणि केंद्रक सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर 'मिथिलीन ब्लूचे थेंब वाढवा' असा उपाय कुणीतरी सुचवलाय. त्याने उलट बिघडेल. मिथिलीन ब्लू आम्लारीधर्मी रंग आहे, तो केंद्रकातल्या डीएनएला घट्ट धरतो आणि पेशीद्रव्यात फिका राहतो. हा फरक दिसायला एक छोटा थेंब आणि एक-दोन मिनिटं पुरतात. जादा रंग कव्हरस्लिपच्या (वर ठेवायच्या पातळ काचेच्या) एका कडेला सलाइनचा (मिठाच्या पाण्याचा) थेंब सोडून, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ओढून घ्या.

टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून हलकेच घासा. रक्त येईल इतकं मुळीच नको. साध्या पाण्याऐवजी ०.९ टक्के सलाइन वापरा, पाण्यात पेशी फुगू शकतात. खरवड नीट पसरवा, नाहीतर पेशींचे थर साचतात आणि तुम्हाला दिसतोय तसा निळा गोळाच दिसतो. कव्हरस्लिप तिरकी धरून सावकाश टेकवा. काळ्या जाड कडेचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे, त्यांना पेशी समजून आकृती काढू नका.

आधी १०एक्स भिंगाने बघा, मग ४०एक्सने. डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) थोडा बंद केला की पेशीची कड उठून दिसते. पेशी चपटी, वेडीवाकडी, साधारण ५०-६० मायक्रोमीटरची. केंद्रक छोटा गडद ठिपका. पेशीवरचे अगदी बारीक निळे कण बहुधा तोंडातले जिवाणू असतात. त्यांना तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) असं नाव देऊ नका, या रंगात आणि या भिंगाखाली त्या ओळखता येत नाहीत.