कमी खर्चात फासकी लावायला सुरुवात कशी करायची?

घोटीचं_रान:
नमस्कार मंडळी, आमची घोटीजवळ थोडी भाताची खाचरं आहेत, मी नाशकात नोकरीला, सुट्टीला जातो. उंदरांनी बांध पोखरलेत आणि भाजीत ससे पण येतात. यूट्यूबवर परदेशातले लोक वायरच्या फासक्या लावून ससे धरतात ते बघितलं, जुनी क्लच वायर चालेल असं वाटतंय. पाचशेच्या आत जमवायचं तर काय घेऊ, कुठे लावू?

सिन्नरकर_शेतकरी:
भाऊ, सशाचं डोक्यातून काढाच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे फासकी लावणं म्हणजे शिकार, आणि काही सापडलं नाही तरी प्रयत्न पण शिकारीतच धरतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोरपड, मोर अडकला तर शिक्षा अजून कडक, पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहेत ते. आणि फासकीला काय कळतंय कोण येतंय, आपल्याकडे सिन्नर-निफाडला उसात बिबट्या असतो, कमरेला वायर बसली की तो जेवढा ओढतो तेवढी ती आत रुतते. तसा अडकलेला दिसला तर जवळ जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ ला फोन करा. सशासाठी भाजीला कोंबड्यांची जाळी लावा, खालची कड मातीत पुरा, नाहीतर तो खालून उकरून येतो.

बांधावरचा_गडी:
उंदरांचं मी सांगतो. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू, बाकीच्यांवर मेहनत घालवू नका. पिंजरा नाशकातल्या रविवार कारंज्याकडे भांड्यांच्या दुकानांत बघा, दोन घेतले तरी तुमच्या पैशात बसतील, घुशीसाठी मात्र मोठाच घ्या. पहिले दोन-तीन दिवस दार बांधून उघडंच ठेवा, आत भजी नाहीतर सुकट टाका, नवीन वस्तूला उंदीर लांबूनच वास घेतो, एकदा भीड मोडली की मग दार सोडा. हे सगळं भात निसवायच्या आधी करा, दाणा भरायला लागला की तो तुमच्या भज्याकडे बघणार पण नाही! आणि शेतात बांबूचे टी आकाराचे खांब रोवा, रात्री घुबड येऊन बसतं, ते फुकटात काम करतं. हातमोजे घालूनच पिंजरा उचला, उंदराच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, खाचरात पायाला जखम असेल तर अजूनच सांभाळा.

घोटीचं_रान:
धन्यवाद दोघांना, फासकीचा विषय बंद. चिकट बोर्ड बांधावर चालतील का?

बांधावरचा_गडी:
नको हो, त्यावर सरडा, चिमणी, धामण काहीही चिकटतं, आणि धामण तर उंदरांच्या बिळात शिरून उंदीर खाते, तिला घालवून कसं चालेल. पिंजराच लावा, बांधाच्या कडेला, जिथे उंदरांची वाट पडलेली दिसते तिथेच.