हातातील इंग्रजी अक्षरांपासून शब्द शोधण्यासाठी साधन किंवा पद्धत सुचवावी

रविवारचा_डाव (धागाकर्ती)
आमच्या सोसायटीत दर रविवारी दुपारी स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून इंग्रजी शब्द करण्याच्या खेळाचा, डाव रंगतो आणि माझी बारा वर्षांची मुलगी त्यात मोठ्यांच्या बरोबरीने बसते. गेल्या खेपेला तिच्या रॅकवर, म्हणजे हातातली अक्षरे मांडायच्या पट्टीवर, ए, ई, आय, एन, आर, एस आणि टी अशी अक्षरे आली असता तिने रुळावरच्या गाड्यांचा ‘ट्रेन्स’ लावला आणि ‘ई’ हातात ठेवला. डाव संपल्यावर शेजारच्या काकांनी त्याच सात अक्षरांतून ‘रिटेन्स’ आणि ‘नॅस्टियर’ होतात हे दाखवले, तेव्हा सातही टाइल्स एकदम लावल्याचे 50 गुण हुकले म्हणून ती संध्याकाळभर हळहळत होती. मी मोबाइलवर ‘ही अक्षरे असलेले शब्द’ असे शोधून पाहिले, तर ‘कंटेनर्स’, ‘एंटरटेनर्स’ अशी लांबलचक यादी समोर आली, जिचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता. जाणकारांनी एखादे चांगले साधन सुचवावे, आणि साधनाविना सराव कसा करावा हेही सांगावे.

कोऱ्या_टाइलचा_धनी
ताई, साधन चुकलेले नाही, प्रश्न चुकला आहे. अक्षरांवरून शब्द शोधण्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत. दिलेली सगळी अक्षरे, तेवढीच, पण क्रम बदलून वापरणे हा पहिला. दिलेल्यांपैकी काहीच अक्षरे वापरणे हा दुसरा. आणि दिलेली सगळी अक्षरे असून शिवाय आणखीही असणे हा तिसरा. आपण नकळत तिसरा प्रकार विचारला, म्हणून ‘कंटेनर्स’ आला, कारण त्यात आपली सातही अक्षरे आहेत आणि वर ‘सी’, ‘ओ’ व आणखी एक ‘एन’ आहेत. स्क्रॅबलच्या रॅकसाठी पहिले दोन प्रकार हवेत. तिसरा शब्दकोड्यांच्या कामाचा आहे, आणि पटावर आधीच पडलेल्या अक्षरांना जोडून मोठा शब्द करायचा असेल तेव्हाही तो उपयोगी पडतो.

माझी शिफारस ‘झिझिव्हा’ या संगणकीय प्रोग्रामची आहे. स्क्रॅबलचे स्पर्धक तो सर्रास वापरतात. त्यात ‘ॲनाग्राम मॅच’, ‘सब-ॲनाग्राम मॅच’ आणि ‘इन्क्लूड्स लेटर्स’ हे पर्याय अनुक्रमे या तीन प्रकारांसाठी वेगवेगळे दिलेले असल्यामुळे वरचा घोटाळा होत नाही. कोऱ्या, म्हणजे कोणतेही अक्षर मानता येणाऱ्या, टाइलच्या जागी प्रश्नचिन्ह टाकावे.

काळी_खिडकी
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र ज्यांच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे त्यांना वेगळे काही उतरवून घेण्याची गरज नाही. शब्दांची साधी यादी, एका ओळीत एक शब्द अशी, हाताशी असली की ‘ग्रेप’ ही नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणारी आज्ञा पुरते. पहिल्या ग्रेपने ‘क्यू’ असलेले शब्द निवडून घ्यावेत, त्याचे उत्तर दुसऱ्या ग्रेपला देऊन त्यातून ‘झेड’ असलेले निवडावेत, आणि अशी साखळी लावत जावे. एक खाच मात्र ध्यानात ठेवावी: एखादे अक्षर दोनदा हवे असेल, तर त्याच अक्षराचा ग्रेप दोनदा लावून भागत नाही, मध्ये काहीही चालेल असे सांगून ते अक्षर एकाच नमुन्यात दोन वेळा लिहावे लागते. माझा यात अर्धा तास गेला होता.

गोडबोले_नव्हे
दोघांनीही यंत्राचे सांगितले, मी कागद-पेन्सिलीचे सांगते. सात वेगवेगळी अक्षरे 5,040 प्रकारे मांडता येतात, पण वर्णानुक्रमे लावली तर मांडणी एकच उरते. त्या मांडणीला खेळाडू ‘अल्फाग्राम’ म्हणतात. वहीच्या डाव्या बाजूला अल्फाग्राम आणि उजव्या बाजूला त्यातून होणारे शब्द लिहावेत, उजवी बाजू झाकून पाठ करावी. मुलीने रॅकवर अक्षरे आली की आधी तशीच लावायची सवय केली, तर ओळखीची मांडणी पटकन डोळ्यांत भरते.

आपल्याकडच्या मुलांची एक अडचण मला नेहमी दिसते. आपण शब्द कानाने ओळखतो. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ यांत ऐकायला काहीच साम्य नाही, पण लिहून पाहिले तर अक्षरे तीच सहा, आणि त्यांतूनच ‘एनलिस्ट’, ‘टिन्सेल’ आणि ‘इनलेट्स’ही निघतात. तेव्हा सराव करताना शब्द उच्चारू नये, स्पेलिंग म्हणावे.

प्रारंभासाठी ‘रेटिना’ हा शब्द घ्यावा आणि त्यात एकेक अक्षर घालून पाहावे. ‘सी’ घातला की ‘सर्टन’, ‘जी’ घातला की ‘ग्रॅनाइट’ आणि ‘टेअरिंग’, ‘पी’ने ‘पेंटर’ आणि ‘परटेन’, ‘एच’ने ‘हेअरनेट’, ‘के’ने ‘केरॅटिन’. आपल्या मुलीच्या रॅकवरही ‘रेटिना’ अधिक ‘एस’ हेच होते!

रविवारचा_डाव
मनापासून आभार. काल रात्री तिला ‘रेटिना’ आणि ‘एम’ देऊन बसवले, तर वीस मिनिटांनी तिने ‘मिनारेट’ काढला, आणि मला मात्र अजून एकही सुचलेला नव्हता. एक शंका आहे: शब्द ग्राह्य की अग्राह्य यावरून आमच्याकडे दर वेळी वाद होतो, त्यासाठी कोणती यादी प्रमाण मानावी?

कोऱ्या_टाइलचा_धनी
भारतातल्या स्पर्धांमध्ये कॉलिन्स या शब्दकोश-प्रकाशकांची यादी चालते, उत्तर अमेरिकेतली यादी वेगळी आहे. उदाहरणार्थ, याक आणि गाय यांच्या संकराला ‘झो’ म्हणतात. झेड आणि ओ एवढ्या दोन अक्षरांचा हा शब्द कॉलिन्समध्ये आहे, अमेरिकी यादीत नाही. म्हणून डाव मांडण्यापूर्वीच यादी ठरवावी आणि झिझिव्हातही तीच निवडावी. दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत, ते आधी पाठ करावेत. ‘यू’ नसताना ‘क्यू’ हातात अडकला, तर त्यांतला ‘ची’, म्हणजे क्यू आणि आय, सुटका करतो. आणि मुलीला सांगावे की ‘मिनारेट’च्या अक्षरांत ‘रेमेंट’ही आहे.