‘मृदू’ फेराइट हाताला कठीण का लागते?

प्रश्न : सातपूरच्या आमच्या छोट्या कारखान्यात इंडक्टर, म्हणजे विजेच्या तारेची वेटोळी, गुंडाळण्याचे काम चालते. नव्या कामगारांसाठी कोअर (ज्या चुंबकीय पदार्थाभोवती तार गुंडाळतात तो) निवडण्याविषयी मराठीत टिपण लिहिताना मी ‘मृदू चुंबकीय पदार्थ’ असे लिहिले, तेव्हा एकाने फेराइटचे कडे पुढे धरून विचारले की, हे खाली पडले तर कपबशीसारखे फुटते, मग मृदू कसे? येथे ‘मऊ’ किंवा ‘नरम’ चालेल का?

उत्तर : ‘मऊ’ मुळीच नको, कारण तो स्पर्शाचा शब्द आहे, भात मऊ असतो, गादी मऊ असते. ‘मृदू’ मात्र आपण स्वभावालाही लावतो आणि येथे स्वभावच सांगायचा आहे: प्रवाह थांबताच जो पदार्थ चुंबकत्व सहज सोडून देतो, तो मृदू. मुळात तापवून सावकाश थंड केलेले नरम लोखंड चुंबकत्व सोडत असे आणि पाणी दिलेले कठीण पोलाद ते धरून ठेवत असे, म्हणून हाताचे विशेषण चुंबकत्वालाही चिकटले. पुढे फेराइटसारखी सिरॅमिक द्रव्ये आली आणि दोन्ही अर्थांची फारकत झाली.

त्याच टिपणात ‘सॅच्युरेट’साठी, म्हणजे पदार्थ आणखी चुंबकत्व घेईनासा होतो त्या स्थितीसाठी, ‘संपृक्त’ लिहावे, कारण साखरेचे संपृक्त द्रावण सर्वांनी शाळेत पाहिलेले असते. सिलिकॉन पोलाद सुमारे 2 टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) संपृक्त होते, तर मँगेनीज-झिंक फेराइट साध्या तापमानाला 0.4 ते 0.5 टेस्लालाच, तरीही उच्च वारंवारतेला फेराइटच घेतात, कारण त्याचा विद्युत रोध प्रचंड असल्याने त्यात भोवरा-प्रवाह (कोअरमध्येच गोल फिरून उष्णतेत ऊर्जा वाया घालवणारे प्रवाह) जेमतेम वाहतात. साखरेची उपमा मात्र एका ठिकाणी फसवते: गरम पाण्यात साखर अधिक विरघळते, फेराइट मात्र तापले की लवकर संपृक्त होते, म्हणून कोअर निवडताना संपृक्ततेचा 100 अंश सेल्सिअसचा आकडा पाहावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘मृदू’ ठेवतो आणि पुढे ‘चुंबकत्व सहज सोडणारा’ एवढे जोडतो. कोअरला ‘गाभा’ म्हणावे का?

उत्तर : शब्द सुंदर आहे, परंतु ‘गाभा’ म्हटले की सारे सत्त्व त्यातच आहे असे वाटते. मध्ये हवेची बारीक फट ठेवलेल्या फेराइट कोअरमध्ये बहुतांश ऊर्जा त्या फटीत साठते. तेव्हा शब्द हवा तर ठेवा, पण ‘ऊर्जा गाभ्यात साठते’ असे वाक्य टिपणात असल्यास ते काढून टाकावे.