वांग्याच्या मुळांना गाठी, जिवाणू लागले समजायचे का?

भरीतवाला_यावल
रामराम मंडळी. यावल तालुक्यात २० गुंठे भरताची वांगी आहेत, ठिबकवर. लावताना रोपांची मुळं ॲझोटोबॅक्टर (नत्र धरणारे) अन् पीएसबी (स्फुरद मोकळा करणारे) ह्या जिवाणूंच्या पाण्यात बुडवून लावली. दीड महिना झाला. काल एक पिवळट झाड उपटलं तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी! घरी दाखवलं, म्हटलं हरभऱ्यासारखे जिवाणू लागले बघ. मंडळी म्हणाली, मग झाड पिवळं कसं? गप्प बसलो. आता युरिया बंद करू का?

तापीकाठ
दादा, वहिनींनी बरोबर पकडलं. ह्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक जंतांच्या गाठी. हरभऱ्यावर रायझोबियमची, म्हणजे तुम्ही म्हणता त्या जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटानं चोळली की सुटते, नखानं फोडली तर आत गुलाबी. सूत्रकृमीत मूळच सुजतं, ते सुटणार कसं? वांग्याला रायझोबियम लागतच नाही.

तुम्ही लावलेले जिवाणू डोळ्यांना दिसायचे नाहीत. मुळातून साखर, आम्लं झिरपतात, त्यावर ते मुळालगतच्या मातीत जगतात. हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ साली ह्या पट्ट्याला रायझोस्फिअर नाव दिलं. ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो, पण मोकळा राहून, त्यामुळे थोडाच. युरिया बंद नको, जरा हात आखडता घ्या. आपल्याकडे खरं काम पीएसबीचं. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला बांधला जातो, हे जिवाणू आम्ल सोडून तो मोकळा करतात.

शिरपूरचा_नाना
भाऊ, पाकीट कुठून आणलं? आमच्याकडं एका दुकानात मे महिन्यात पत्र्याखाली खोकी रचलेली पाहिली. नियमानं पावडरच्या दर ग्रॅममध्ये ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत. त्या भट्टीत किती उरले असतील? तारीख बघूनच घे. अन् बुडवल्यावर मर रोगासाठी काही सोडलं होतं का?

भरीतवाला_यावल
सोडलं ना नाना. चौथ्या दिवशी कॉपर ऑक्सिक्लोराईड, ठिबकातून. दुकानदारच म्हणाला चालतं.

शिरपूरचा_नाना
घ्या! पाहुणे जेवायला बसवले अन् ताटात जहर वाढलं. तांब्याचं औषध बुरशीसोबत जिवाणूही मारतं. आधी औषध, मग आठवडाभर थांबून जिवाणू, शेणखतासोबत. अन् ते संध्याकाळी.

तापीकाठ
सूत्रकृमीसाठी निंबोळी पेंड द्या, ओळींमध्ये झेंडू लावा. पुढच्या हंगामात त्या जागी वांगं, टोमॅटो, भेंडी नको. गाठीची मुळं बांधावर टाकू नका, जाळा. अन् एक झाड मातीसकट पालच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घ्या.

भरीतवाला_यावल
सकाळी आणखी तीन झाडं उपटली. चोळून पाहिलं, एकही गाठ सुटली नाही. दोन झाडं पाणी साचतं त्या टोकाची, तिसरं मधलं. हिला सांगितलं, तर म्हणे मी कालच बोलले. फैजपूर-सावद्याकडं झेंडूची रोपं कुणाकडं आहेत का?