धागा: हवेचा आकडा वाईट असेल त्या सकाळी मुलांना मैदानात उतरवायचं का?

घोडबंदरवासी:

आमच्या संकुलातल्या मुलांचं क्रिकेट कोचिंग सकाळी साडेसहाला असतं, घोडबंदर रोडला लागून असलेल्या मैदानावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही वेळ बदलून दुपारी साडेचारची करावी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवरचा एक्यूआय (हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे वाईट) २०० च्या पुढे गेला तर त्या दिवशी प्रॅक्टिस ठेवू नये, असं मी पालकांच्या ग्रुपवर सुचवलं. निम्म्या लोकांनी उडवून लावलं. "आपण काय दिल्लीत राहतो का?" हे तर तीन-चार जणांनी लिहिलं. म्हणून इथे नीट मांडतो.

थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर ऊबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. रात्रभर गुजरातकडे जाणारे ट्रेलर, मेट्रोच्या कामाची माती, कुठेतरी पेटवलेला कचरा, हे सगळं त्या झाकणाखाली साठतं. सूर्य वर आला, वारा सुटला की ते मोकळं होतं. म्हणजे ज्या वेळेला आपण 'सकाळची शुद्ध हवा' म्हणतो, तीच हिवाळ्यात बहुतेक वेळा सगळ्यात खराब असते. आणि नेमकी त्याच वेळी आपली मुलं मैदानाला दहा चकरा मारतात. धावताना मूल तोंडाने श्वास घेतं, नाकातली गाळणी बाजूलाच राहते, आणि वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

विरोध असेल तर जरूर करा, पण कारण सांगून करा.

जुना ठाणेकर:

करतो. आम्ही वागळे इस्टेटच्या कंपन्यांचे भोंगे ऐकत आणि धूर खात मोठे झालो. तेव्हाही हवा काही गुलाबपाण्याची नव्हती. पण मुलं दोन-दोन तास मैदानात असायची. आज मुलं आधीच मोबाइलला चिकटलेली आहेत, सकाळी उठून मैदानावर जाण्याची एक सवय लागली आहे, ती तुम्ही एका आकड्यासाठी मोडणार? एकदा मोडलेली शिस्त परत लागत नाही.

दुसरं म्हणजे आकड्यावर माझा विश्वासच बसत नाही. एकाच सकाळी माझ्या मोबाइलवर ९५ आणि सुनेच्या मोबाइलवर दीडशेच्या वर. 'समाधानकारक' म्हणायचं की 'अपायकारक'? कोणाचं ऐकून मुलाला घरी बसवायचं?

सूक्ष्मकण:

काका, दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. आकडा काढायच्या पट्ट्या देशोदेशी वेगळ्या आहेत. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक कण. ते घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले तर आपल्या पट्टीवर आकडा १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'ची वरची कड. तीच हवा अमेरिकेच्या पट्टीवर दीडशे ओलांडते. परदेशी अ‍ॅप बहुधा अमेरिकेची पट्टी वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच कणांसाठी चोवीस तासांची १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली, आपलं मानक ६० आहे. चौपट. त्यामुळे आपल्याकडे १०० च्या आत आकडा आला म्हणून निर्धास्त व्हावं असं मला तरी वाटत नाही.

पण धागाकर्त्यांशीही माझा एक वाद आहे. एक्यूआय आठ प्रदूषकांतून निघतो, त्यातल्या सगळ्यात वाईट प्रदूषकाचा आकडा तोच अंतिम आकडा. आणि धूलिकणांसाठी तो मागच्या चोवीस तासांची सरासरी असतो. म्हणजे सकाळी सहाला दिसणारा १८० हा बराचसा कालचा हिशोब आहे. तुमची २०० ची रेघ त्यावर ओढून उपयोग कमी. तासागणिक पीएम २.५ किती आहे ते बघा. शिवाय हवा मोजणारं केंद्र कासारवडवलीला किंवा उपवनला आणि तुमचं मैदान हायवेच्या कडेला असेल, तर तुमची हवा त्याहून वाईट असू शकते.

ऐरोलीची आई:

माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी चर्चेचा नाही. १०१ ते २०० ला 'मध्यम' म्हणतात. त्याच पट्टीच्या खुलाशात लिहिलेलं आहे की या पातळीला दमेकरी, हृदयविकार असलेले, लहान मुलं आणि वृद्ध यांना त्रास होऊ शकतो. पण तो खुलासा वाचतं कोण? लोक रंग बघतात, पिवळा दिसला की चला.

मागच्या डिसेंबरात शाळेच्या मैदानावरून तो परत आला तेव्हा जिन्यात बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवलेले, खांदे वर ओढलेले, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून पंप दिला, थोड्या वेळाने बोलायला लागला. पहिलं वाक्य काय, तर "सरांना सांगू नकोस, टीममधून काढतील." जुना ठाणेकर, शिस्त मलाही हवी आहे. पण धाप लागलेलं मूल ती लपवायला शिकतं, ही शिस्त नको.

वाशी खाडीपलीकडून:

मला या सगळ्या धाग्याची दिशाच पटत नाही. वेळ बदला, मास्क लावा, प्युरिफायर घ्या. म्हणजे धूर करणारे मोकळे आणि श्वास घेणाऱ्याने स्वतःला सांभाळायचं! माजिवड्याच्या पुलाखाली उभा असलेला ट्रॅफिक हवालदार साडेचारची वेळ घेणार आहे का? पहाटे रस्ता झाडणारी बाई? तुमच्याच संकुलाचा वॉचमन? ज्याला परवडतं तो काच लावून आत बसला की त्याची ओरड थांबते, आणि ओरड थांबली की काम थांबतं.

२०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या विषयाची दखल घेतली, दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा एवढ्यापुरतेच ठेवायला लावले. ते कशामुळे? विषय पेटला होता म्हणून. तुमच्या मैदानाशेजारी बांधकाम चालू असेल तर तिथे हिरवं कापड आहे का, पाणी मारतात का, डंपरवर ताडपत्री असते का, बाहेर पडताना चाकं धुतली जातात का, याचे फोटो काढा, तारीख-वेळ टाकून तक्रार करा. दर आठवड्याला करा. ते सोडून मुलांचं वेळापत्रक हलवणं ही शरणागती आहे.

घोडबंदरवासी:

तक्रारी कराव्यात यावर दुमत नाहीच. पण ताडपत्री पुढच्या वर्षी लागेल, मुलाचं फुप्फुस या हिवाळ्यात वाढतंय. मी दोन्ही करीन, आणि आधी वेळ बदलीन.

सूक्ष्मकण, तासाचा आकडा बघण्याची सूचना घेतो. २०० ची रेघ मी ढोबळ म्हणून ओढली होती, कारण 'वाईट' तिथून सुरू होतं.

श्वसनविभाग:

छातीच्या आजारांच्या ओपीडीत काम करते, म्हणून थोडं लिहिते. निरोगी मोठ्या माणसाने १५० आकडा आहे म्हणून चालणं सोडू नये, चालण्याचा फायदा जास्त आहे. मात्र हायवेच्या फुटपाथवर चालू नये. रस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत गेलं तरी गाड्यांच्या धुराचं प्रमाण बरंच उतरतं. दमेकऱ्यांनी रोजचा पंप "आता बरं वाटतंय" म्हणून हिवाळ्यात स्वतःहून बंद करू नये, ही चूक मी सगळ्यात जास्त बघते.

मास्कबद्दल: ओढणी, रुमाल किंवा कापडी मास्क बारीक कणांना अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण कडा चेहऱ्याला घट्ट बसल्या तरच. लहान मुलांच्या चेहऱ्यावर तो क्वचितच नीट बसतो, आणि तो लावून पळायला लावणं तर अजिबात नको. घरातही बघा. बंद खोलीत रात्रभर मच्छर कॉइल, देवघरात सतत धूप-अगरबत्ती, आणि एक्झॉस्ट न लावता तळण, हे करून वर बाहेरच्या हवेची तक्रार करणारे पेशंट रोज येतात.

जुना ठाणेकर:

ऐरोलीच्या ताई, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. आजारी मुलाला सवलत हवीच, त्यासाठी कोणी टीममधून काढत असेल तर त्या सरांशी भांडायला मी येतो. पण पंचवीस निरोगी मुलांचं काय? साडेचारला शाळा सुटून मुलं बसमध्ये असतात, सहाला क्लास, आणि नोकरी करणारे आईबाप त्या वेळेला सोडायला येऊ शकत नाहीत. सकाळी मी आजोबा म्हणून नातवाला नेतो, बाकीच्यांचे वडील ऑफिसला जाण्याआधी नेतात. वेळ बदलली की निम्मी मुलं गळतील, हे मी आज लिहून देतो.

त्यामुळे वेळ बदलायला माझा विरोध कायम. आकडा वाईट असेल त्या दिवशी चकरा आणि स्प्रिंट बंद ठेवून क्लबहाऊसच्या हॉलमध्ये स्ट्रेचिंग, कॅचिंग, बॅटचा स्टान्स असं काही घेणार असाल, आणि हॉलची चावी सकाळी सहाला मिळेल याची जबाबदारी कमिटीतल्या कोणी घेणार असेल, तर रविवारच्या मीटिंगमध्ये तेवढ्या भागाला मी हात वर करीन.