दाबोळीचं बॉम्बर पडलं होतं ते कधी?

फोंडेकरीण: रविवारी धाकट्याला घेऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेले होते. मामंजी बरोबर होते. पंख्याचं एक पोटाळ विमान दाखवून म्हणाले, "असलंच बॉम्बर पाकल्यांनी पाडलं. तिघं गेले." (पाकले म्हणजे पोर्तुगीज.) ६१ साली, गोवा मुक्तीच्या वेळी ते सात वर्षांचे, चिखलीला राहायचे, दाबोळी विमानतळावरचे धमाके त्यांनी कानांनी ऐकलेत. पण शोधलं तर काही जुळेना. धाकटा मात्र विचारतोय, "तिघं बसायचे कुठे?" कुणाला नक्की माहीत आहे का?

मुरगावचा_बाब: मामंजींनी ६१ चं आणि ७१ चं अशी दोन युद्धं एकत्र कालवली. १८ डिसेंबर १९६१ ला दाबोळीवर आली ती हवाई दलाची १२ कॅनबेरा. जेट विमानं, पुण्याहून. धावपट्टी फोडली, इमारतीला हात लावायचा नाही असा हुकूम होता. उभी असलेली दोन प्रवासी विमानं रात्रीच कराचीला निसटली. पाकल्यांनी एकही कॅनबेरा पाडलं नाही.

जुना_कोब्रा: ताई, तुम्ही पाहिलंत ते अलिझे. आमच्या ३१० स्क्वॉड्रनचं, म्हणजे कोब्रांचं. मी ७८ ला आलो, अकरा वर्षं त्याच्या वायरिंगमध्ये हात काळे केले. तेव्हा ऐकलेलं सांगतो.

पडलं ते १० डिसेंबर १९७१ ला, कच्छच्या किनाऱ्यापुढे, जखौच्या बाजूला. पाडलं पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरने. आदल्याच रात्री दीवपुढे आपल्या नौदलाची युद्धनौका खुकरी बुडाली होती, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह. (दीव तेव्हा गोव्याच्याच केंद्रशासित प्रदेशात, हे आता कुणाच्या लक्षात नसतं.)

अलिझे तसं बॉम्बर नव्हे, पाणबुडी हुडकणारं. पण बॉम्बही टाकायचं. विक्रांत या विमानवाहू नौकेवरच्या अलिझेंनी तिकडे पूर्व पाकिस्तानात रात्री बंदरांवर टाकलेच. पोट सुटल्यासारखं दिसतं ना, तिथे रडारचं टोपलं आत ओढलेलं असतं, हवेत गेल्यावर खाली सोडायचं. पंखांवरच्या दोन फुगीर डब्यांत चाकं दुमडून बसतात, त्यांच्याच पुढच्या भागात सोनोबॉय. समुद्रात टाकायचे आणि पाणबुडीचा आवाज ऐकायचा. ऐकायचं म्हणजे खालून आणि सावकाश फिरायचं. एक डार्ट इंजिन, चार पात्यांचा पंखा, वेग रेटून ताशी पाचशेच्या आसपास. समोरचं आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं. त्याला लढाई म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिघांपैकी कुणीच परतलं नाही. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय यांचं नाव तर ७१ च्या युद्धातल्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत आहे. घरच्यांनी वाट कधी बघायची सोडावी, हे यादीत कुठे लिहिलेलं असतं?

धाकट्याला सांगा, दोघं पुढे शेजारी-शेजारी. तिसरा मागे, यंत्रांपाशी. मागची दुरुस्ती करताना मी त्याच जागेवर बसायचो. उन्हात तावलेली, गुडघे हलवायला जागा नाही, आणि पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात.

फोंडेकरीण: काका, देव बरें करूं. मामंजींना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे मी तेव्हा सतरा वर्षांचा. तरी चुकलोच." आता येत्या रविवारी परत जायचं ठरलंय. धाकट्याला मागची जागा बाहेरून दिसते का ते बघायचंय.